तिसरं रिव्हॉल्व्हर

ऑरिन हॉगलंड गुरुवारी सकाळी गसच्या शिकार-मासेमारीच्या दुकानात शिरला. त्याने टोपी काढली नाही, कॉफी ओतून घेतली नाही, सरळ काउंटरपाशी जाऊन म्हणाला, "रिव्हॉल्व्हरं घ्यायची आहेत. दहा हजारांची."

डॉयल पेनविक नेहमीच्या स्टुलावर बसून डोनट खात होता. त्याला वाटलं, खेळ सुरू झाला.

"अरे म्हाताऱ्या, मार्च लागला," तो तोंडातल्या घासासकट म्हणाला. "खेळ हिवाळ्यातला. आता लोक ट्रॅक्टर बाहेर काढतायत."

"खेळ नाही. खरंच घ्यायची आहेत."

डॉयलचा घास तोंडातच राहिला. गस काउंटरमागे मासे धरायचे गळ रंगाप्रमाणे लावत होता. त्याने हातातला गळ डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं आणि मग वर बघितलं. गसचं सगळंच सावकाश असतं. पण त्या दिवशी तो जरा जास्तच सावकाश होता.

आता हा खेळ काय ते सांगायला हवं. आमच्या मोन्टानाच्या या पूर्वेकडच्या माळावर हिवाळा इतका लांबतो की त्याचं करायचं काय, हे ज्याने त्याने आपापल्या परीने ठरवलेलं आहे. बायका गोधड्या शिवतात, पाद्री लांबलचक प्रवचनं लिहितो आणि गसच्या दुकानातली मंडळी दहा हजार डॉलर खर्च करतात. पैसे अर्थात कुणाकडेच नसतात. दहा हजार मिळाले तर कुठली रिव्हॉल्व्हरं घ्याल, एवढाच प्रश्न. रायफली नाहीत, बंदुका नाहीत, फक्त रिव्हॉल्व्हरं. पैसे सगळे संपवायचे. आणि बायको काय म्हणेल हा मुद्दा काढायचा नाही, कारण तो काढला तर खेळ तिथेच संपतो.

गसचं उत्तर ठरलेलं. त्याला एक जर्मन रिव्हॉल्व्हर हवं असतं, ते एकटंच सगळे पैसे खातं आणि गोळ्यांना काही उरत नाही. डॉयलला तीन लांब नळीची, जुन्या काळच्या गुराख्यांसारखी हवी असतात. हा डॉयल एकदाच घोड्यावर बसला होता, तोही जत्रेत, आणि पडला होता. ऑरिनची दोन ठरलेली. पहिलं कोल्ट पायथन, जुनं, गडद निळ्या पॉलिशचं, सहा इंची नळीचं. चार इंची नव्हे. चार इंचीचं नुसतं नाव काढलं तरी तो म्हणायचा, ते रिव्हॉल्व्हर नाही, नाक कापून घेऊन आलेला चोर आहे. दुसरं स्मिथ अँड वेसनचं जाडजूड, त्याचा हायवे पोलिसातला मामा कमरेला लावायचा तसलं. आणि तिसरं अजून ठरायचं होतं.

ते तीस वर्षं ठरायचं होतं. दर हिवाळ्यात ऑरिन नवीन काहीतरी घेऊन यायचा, डॉयल त्याची टर उडवायचा, ऑरिन लालबुंद व्हायचा. एका वर्षी तर तिसऱ्या रिव्हॉल्व्हरवरून दोघांचा आवाज एवढा चढला की गसने दोघांना बाहेर बर्फात काढलं आणि काचेतून कॉफीचा कप दाखवत उभा राहिला.

"पैसे कुठून आले?" डॉयलने विचारलं.

"मर्नाचे. तिच्या आईचा नदीकाठचा तुकडा होता ना, तो विकला गेला. ती म्हणाली होती, छपरावर घालवू नकोस. तुझी ती तीन रिव्हॉल्व्हरं घे एकदाची, तीस वर्षं ऐकतेय."

मर्ना म्हणजे ऑरिनची बायको. ती नोव्हेंबरात गेली. हे वाक्य तिने खरंच म्हटलं होतं. घरातच पलंग आणून लावला होता, तिथून, हसत. ऑरिनने ते आता दुकानात सांगितलं ते बियाण्याचा भाव सांगावा तसं. तो सांगत होता आणि त्याला स्वतःचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येत होता. नोव्हेंबरपासून सगळं असंच होतं. जेवण तोंडात जायचं, त्याला चव नसायची. बोझमनहून मुलगी डार्ला फोन करायची, तो "ठीक आहे" म्हणायचा, फोन ठेवायचा आणि ती काय बोलली ते आठवायचं नाही. अंत्यविधीच्या वेळी बायकांनी आणून दिलेली भाजलेल्या पदार्थांची काचेची भांडी अजून त्याच्या टेबलावर होती. प्रत्येक भांड्याच्या बुडाला पट्टी चिकटवून नाव लिहिलेलं, म्हणजे भांडं ज्याचं त्याला परत जावं. एकही परत गेलं नव्हतं. काही तर घासलेलीही नव्हती.

रडूही आलं नव्हतं. हे त्याला विचित्र वाटलं होतं, पण विचित्र वाटण्यातही जोर नव्हता.

"मस्त!" डॉयलने मांडीवर थाप मारली. "गस, ऐकलंस का? हा आला परत! मी म्हणत होतो ना, वसंत येऊ दे, हा येतो का नाही बघ. ऑरिन, बस लेका. कॉफी घे. आज खरेदी आहे, उभ्याउभ्या करायची नसते."

ऑरिन बसला. गसने काही म्हटलं नाही. त्याने कॉफी ओतली आणि कप पुढे सरकवला.

गस काही बोलत नव्हता त्याला कारण होतं, आणि ते ऑरिनला चांगलं ठाऊक होतं. ऑरिनची हरणाची रायफल, पाखरांची बंदूक, वडिलांचं जुनं पिस्तूल, सगळं त्या क्षणी गसच्या मागच्या खोलीतल्या तिजोरीत होतं. मर्नाला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गस आणि डॉयल गाडी घेऊन आले होते. "साफ करून आणतो," गस म्हणाला होता. "थंडीत गंजतात." ऑरिनने मान हलवली होती आणि कपाटाची किल्ली काढून दिली होती. डॉयलने मासेमारीची पेटीसुद्धा उघडून बघितली होती.

आमच्याकडची ही रीत आहे. तिला नाव नाही आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. माणसाची बायको गेली, शेत गेलं, मुलगा गेला, की दोघं मित्र जातात आणि त्याच्या घरातली हत्यारं साफ करायला घेऊन येतात. का, ते न्यायला आलेले सांगत नाहीत आणि देणारा विचारत नाही. पेट्या उघडून बघायचं सुरू झालं ते नॉर्मन क्विगलीपासून. नॉर्मनच्या वेळी सगळं नेलं होतं, पण एक पिस्तूल गळांच्या पेटीत राहून गेलं होतं.

परत कधी द्यायचं, त्यालाही एक पद्धत आहे. माणसाने स्वतः येऊन मागायचं. मागितलं की आधी कॉफी द्यायची आणि विचारायचं, "मग पानगळीला कुठे जाणार शिकारीला?" माणसाने जागा सांगितली, कुणाबरोबर ते सांगितलं, की समजायचं, ह्याला पानगळीपर्यंत पोचायचंय. मग तिजोरी उघडायची. हा प्रश्न दुसऱ्या कुणी नाही, ऑरिननेच काढला होता. सहा वर्षांपूर्वी लेस्टर ट्वेट आपली रायफल मागायला आला होता आणि गसला काय बोलावं सुचत नव्हतं, तेव्हा ऑरिन सहज बोलल्यासारखा विचारून गेला होता. लेस्टरने डोकं खाजवलं होतं आणि म्हणाला होता, टेकडीमागच्या ओढ्यात यंदा हरणं बरी दिसतात. त्या दिवसापासून तोच प्रश्न चालत आला.

म्हणजे प्रश्न ऑरिनचा होता. उत्तरही त्याला पाठ होतं.

त्याने काही ठरवलं नव्हतं, हे खरं. पण गेले काही आठवडे त्याच्या मनात एक गोष्ट होती: ठरवायचंच म्हटलं तर त्यात अवघड काही नाही. हा विचार आला की भीती वाटायला हवी होती. ती वाटत नव्हती. गसकडून स्वतःची हत्यारं परत मागितली तर गस डोळ्यांत बघेल. पण मर्नाने सांगितलेली खरेदी, दहा हजारांचा खेळ, त्याला कोण नाही म्हणेल?

"तर पहिलं पायथन," डॉयल म्हणाला. त्याने डोनटच्या कागदावर पेन टेकवलं होतं. "त्यात वाद नाही. बिलिंग्जमध्ये कोणाकडे तरी असेल, गस? आपण फोन करू."

"माझ्याकडे आहे," गस म्हणाला.

"तुझ्याकडे? आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

"एका डॉक्टरच्या घरची आहेत. डॉक्टर गेले, मुलांना नको होती. काल आली."

"आहेत?" डॉयल म्हणाला, पण गस तोवर मागच्या खोलीत गेला होता.

डॉयल त्याच्या पाठीकडे बघत राहिला. मग ऑरिनकडे वळला. "आणि दुसरं तुझ्या मामासारखं. ते मिळेल, ती भरपूर बनली होती. आणि तिसरं?" त्याने पेन उचललं. हात चोळले. तीस वर्षांत या जागी येऊन त्याला हीच मजा यायची. "बोल. आणि मागच्या वर्षीसारखं ते इटालियन काढलंस तर मी उठून जाईन."

"काहीही चालेल," ऑरिन म्हणाला.

"काहीही म्हणजे?"

"गसकडे जे असेल ते. तू सांग ना."

"मी सांगू?" डॉयल हसला, पण हसू पुरतं आलं नाही. "तीस वर्षं मी सांगतोय आणि तू माझ्या तोंडावर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलंयस. बरं, मी म्हणतो, लांब नळीचं एक घे, माझ्यासारखं."

"चालेल. लिही."

डॉयलने लिहिलं नाही. पेन तसंच कागदावर राहिलं आणि त्याखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला. काउंटरच्या वर भुसा भरलेलं हरणाचं डोकं होतं, त्याच्या एका शिंगाला कुणीतरी गव्हाच्या कंपनीची टोपी अडकवलेली. ऑरिन तिच्याकडे बघत बसला. धान्याच्या कोठारावर चाळीस वर्षं वजनकाटा सांभाळला त्याने. गाडी काट्यावर चढायच्या आधी नुसतं बघून वजन सांगायचा. आता त्या टोपीकडे बघून ती टोपी आहे एवढंच कळत होतं.

गस एक लाकडी पेटी घेऊन आला. काउंटरवर हिरवं कापड पसरलं, पेटी त्यावर ठेवली आणि उघडली.

निळं पॉलिश दिव्याखाली पाण्यासारखं चमकलं. डॉयलने बघितलं, त्याचं तोंड उघडलं. गसने मान वर न करता नुसते डोळे उचलून त्याच्याकडे बघितलं. डॉयलने तोंड मिटलं.

"घे हातात," गस म्हणाला. "रिकामं आहे, बघ." त्याने फिरतं चक्र बाहेर काढून रिकामी घरं दाखवली.

ऑरिनने ते उचललं. तरुणपणी, लग्नाच्याही आधी, एका प्रदर्शनात काचेआड असं एक बघून तो अर्धा तास हलला नव्हता. मर्ना, तेव्हाची मर्ना, बाहेर थंडीत वाट बघत उभी राहिली होती आणि नंतर दोन दिवस बोलली नव्हती. तेव्हापासूनची ही इच्छा. आता ती हातात होती. त्याने थांबून बघितलं, छातीत काही हलतं का. काही हललं नाही. अडीच पौंडाच्या आसपास, एवढंच त्याला कळलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

"साडेतीन हजार पडतील."

"बरं."

गसने काउंटरवरचं कापड एका कोपऱ्यात सरळ केलं. वास्तविक साडेतीन हजार ऐकल्यावर ऑरिनने काउंटरवर मूठ आपटायला हवी होती, गसच्या आजोबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायला हवा होता. हा माणूस बुटांच्या लेसचीसुद्धा घासाघीस करणारा.

"आज घरी न्यायचंय?" गसने विचारलं.

"हो. आजच."

"बाकीची दोन?"

"ती येतील तेव्हा येऊ देत."

गसने कॉफीचं भांडं उचललं, ऑरिनच्या भरलेल्या कपात आणखी दोन थेंब ओतले आणि भांडं परत ठेवलं.

"मग पानगळीला कुठे जाणार शिकारीला?" तो म्हणाला.

प्रश्न आला. तो येणार हे ऑरिनला माहीत होतं. घरून निघताना गाडीत उत्तरही तयार केलं होतं, लेस्टरच्या उत्तराहून चांगलं.

"केल्सीच्या कुरणापलीकडे," तो म्हणाला. "डॉयलला घेऊन जाईन. मागच्या वर्षी तिथे एक मोठा नर दिसला होता. त्याची शिंगं यंदा आणखी भरली असतील."

"मला घेऊन?" डॉयलचा चेहरा उजळला. "अरे, मग बोल की! गस, ऐकलंस? शिंगं भरली असतील म्हणतो. बघ, माझं ऐकत जा कधीतरी."

"ऐकलं," गस म्हणाला. "परवाना दे तुझा."

ऑरिनने गाडी चालवायचा परवाना दिला. गसने सरकारी कागद पुढे टाकला, ऑरिनने खुणा केल्या, सही केली. मग गस काउंटरच्या टोकाला जाऊन फोनकडे वळला. हत्यार विकायच्या आधी सरकारी नंबरावर नाव कळवावं लागतं आणि ते हो म्हणेपर्यंत थांबावं लागतं. गसने नंबर लावला, फोन कानाला धरला आणि पाठ करून उभा राहिला.

डॉयलला शांतता सोसत नाही. तो सगळी रिकामी जागा बोलण्याने भरणारा माणूस.

"मर्नाने एकदा खेळ खेळला होता, आठवतं?" तो म्हणाला. "ते वादळ आलं होतं, तू इथे अडकलास, ती तुला न्यायला आली आणि तीही अडकली. आम्ही म्हटलं, चल मर्ना, तुझे दहा हजार. आणि ती म्हणते काय, मला ते जुनं बावीस बोराचं हवं, माझ्या वडिलांचं होतं तसलं, मधून मोडून उघडणारं, नऊ गोळ्यांचं!" डॉयल हसून हसून खोकला. "दहा हजार डॉलर आणि ही घेणार दोनशेचं खेळणं! म्हटलं, बाकीच्या पैशांचं काय? तर म्हणे, नवीन शेगडी."

"हं," ऑरिन म्हणाला.

"कोंबड्यांच्या खुराड्यात साप यायचे म्हणून हवं होतं तिला."

"साप नाही," ऑरिन म्हणाला.

"साप. मला आठवतंय ना."

"साप नाही, डॉयल. स्कंक. त्या घाणेरडा वास सोडणाऱ्या जनावराने तिच्या लहानपणी अर्ध्या कोंबड्या मारल्या होत्या. तिच्या वडिलांनी त्याला एका गोळीत... नाही. दोन लागल्या." तो थांबला. आपण आवाज चढवलाय हे त्याच्या लक्षात आलं. छातीत काहीतरी टोचलं, लहानसं, थंडीत बधिर झालेलं बोट शेकोटीजवळ धरल्यावर टोचतं तसं. मग ते गेलं.

गसने फोन ठेवला. तो सावकाश चालत परत आला, पेटीचं झाकण लावलं आणि पेटी कापडावरून ऑरिनच्या बाजूला सरकवली. पण हात पेटीवरच ठेवला.

"झालं," तो म्हणाला.

ऑरिनने पेटीकडे बघितलं आणि मग गसच्या हाताकडे. म्हातारा हात, नखांत तेल बसलेलं. सहा वर्षांपूर्वी याच काउंटरवर लेस्टर उभा होता आणि त्याचं उत्तर ऐकून गसने सुटकेचा श्वास सोडला होता. लेस्टर अजून आहे. दर रविवारी चर्चमध्ये बेसूर गातो. लेस्टरने त्या दिवशी खरं सांगितलं होतं म्हणून आहे. घरी पलंगाशेजारी एक खण होता. मर्नाची औषधं त्यात असायची, आता तो रिकामा होता. ही पेटी त्यात बसेल की नाही, याचं माप ऑरिनने घरून निघण्यापूर्वीच मनात घेतलं होतं. हे आता त्याला आठवलं. आणि हेही कळलं की गसच्या या हाताखालून पेटी ओढून न्यायची तर गसशी खोटं बोलून न्यावी लागेल, आणि त्यानंतर जे होईल ते आयुष्यभर गसच्या माथी बसेल. नॉर्मनची ती पेटी गसनेच बघायची राहिली होती.

"गस," तो म्हणाला. "मी खोटं बोललो."

डॉयल हसत होता, तो हसता हसता थांबला.

"तो प्रश्न माझाच आहे. लेस्टरला मीच विचारला होता. त्याचं उत्तर मला येतं." ऑरिनचा आवाज सपाट होता. "केल्सीच्या कुरणात मी जाणार नाही. पानगळीचं मला काही दिसत नाही. पुढच्या आठवड्याचंसुद्धा दिसत नाही. हे घरी नको देऊस माझ्या."

गसने पेटी परत आपल्या बाजूला ओढली.

"देणार नव्हतोच," तो म्हणाला.

"फोन केलास ना आत्ता."

"केला. हवामानखात्याच्या नंबरावर. उद्या दुपारनंतर बर्फ आहे, सहा इंच."

ऑरिन त्याच्याकडे बघत राहिला.

"सहा इंचावरून आठवलं," गस म्हणाला. "हे चार इंची आहे, गाढवा."

ऑरिनने पेटीकडे बघितलं. गसने झाकण उघडलं. निळं, सुंदर आणि आखूड. नाक कापून आलेला चोर त्याच्यासमोर पडला होता आणि त्याने तो हातात घेऊन चांगलं आहे म्हटलं होतं.

"डॉक्टरकडे दोन होती," गस म्हणाला. "एक सहा इंची, एक हे. मी मुद्दाम हे आणलं. म्हटलं, शिव्या घालतो का बघू. शिव्या घातल्या असत्यास तर दुसरं आणून दिलं असतं तुला, आजच्या आज. मी वाट बघत होतो, ऑरिन. एक शिवी. एकसुद्धा दिली नाहीस."

"मी बोलणार होतो," डॉयल म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो डोनटच्या कागदाने नाक पुसत होता. "मला वाटलं, तुला बदलून हवं असेल. माणूस बदलतो. शिंगं भरली म्हणालास. मला खरं वाटलं रे. च्यायला, मला खरं वाटलं."

मग गस बोलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा भरभर बोलला. डार्लाला फोन कर, आज, इथून. तू नाही केलास तर मी करतो. मंगळवारी दवाखान्यात नेतो तुला. बोलायचं नसेल तर नको बोलू, पण गाडीत बस. आज रात्री डॉयल तुझ्याकडे झोपायला येतोय.

"मी घोरतो," डॉयल म्हणाला.

"माहिती आहे," ऑरिन म्हणाला.

त्याने डार्लाला दुकानातूनच फोन केला. या खेपेला ती काय बोलली ते त्याला आठवलं. ती म्हणाली, मी शनिवारी निघते.

मग गसने सहा इंची पायथन आणलं. कापडावर ठेवलं. "हे तुझं," तो म्हणाला. "राहील तिजोरीत. दर गुरुवारी येऊन बघायचं, पुसायचं, परत ठेवायचं. घरी कधी न्यायचं ते तूच सांगशील. साडेतीन हजार."

ऑरिनने ते उचललं. तेवढंच वजन, थोडं पुढे झुकणारं.

"साडेतीन," तो म्हणाला. "डॉक्टरच्या पोरांनी तुला अडीचला दिलं असेल."

गसच्या मिशा हलल्या.

"आणि दुसरं मामाचं," डॉयल म्हणाला. त्याने नवा कागद घेतला. "आणि तिसरं?"

"तिसरं अजून ठरायचंय."

"मग मी म्हटलं ते लिहितो. लांब नळीचं."

"खबरदार लिहिलंस तर."

"आत्ताच हो म्हणालास की!"

"तेव्हा मी शुद्धीत नव्हतो. लांब नळीचं! घोड्यावरून पडलेल्या माणसाकडून सल्ला घेऊ मी?"

ते फार चढलेलं भांडण नव्हतं. ऑरिनच्या आवाजात पूर्वीची धार नव्हती, मधेच तो थांबत होता, पुढचं वाक्य त्याला शोधावं लागत होतं. पण गस गळ लावता लावता ऐकत होता आणि त्याने त्या डबीत लाल गळांत निळे मिसळले, ते त्याला कळलंही नाही.

डॉयलला घरून कपडे आणायचे होते, म्हणून ऑरिन एकटाच पुढे निघाला. अर्ध्या तासात येतो, डॉयल म्हणाला. वाऱ्याने रस्त्यावरून सुकी झुडपं लोळत होती. गाडीत ऑरिन डॉयलशी मनातल्या मनात भांडत राहिला. लांब नळीचं म्हणे. आणि साप म्हणे! स्वतः तिथे नव्हता, मर्नाच्या वडिलांना बघितलेलं नाही, आणि साप म्हणून छातीठोक सांगतोय. हा असाच आहे. पहिल्यापासून असाच आहे.

अंगणात गाडी लावली, मागच्या दाराने आत शिरला, बूट काढले आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाला, "मर्ना, ऐकलंस का, तो डॉयल म्हणतो खुराड्यात साप यायचे..."

टेबलावर भांडी होती. खिडकीतून मार्चचं पांढरं ऊन आत आलं होतं. आतून कुणी "काय रे?" म्हणालं नाही.

ऑरिनने एक हात दाराच्या चौकटीला लावला, मग दुसरा. मग तो तिथेच, बुटांच्या शेजारी, जमिनीवर बसला आणि मोठ्याने रडला. नोव्हेंबरपासूनचं सगळं एकदम आलं. तोंड दाबायला त्याने टोपी वापरली, मग टोपीही बाजूला टाकली, कारण घरात ऐकायला कुणी नव्हतं. तेच तर होतं. त्याला वाटलं की हे थांबणारच नाही, आणि दुखत होतं, सगळीकडे दुखत होतं, गुडघे, घसा, छाती. चार महिने काही दुखलं नव्हतं.

डॉयलची गाडी अंगणात शिरल्याचा आवाज आला तेव्हा तो उठला. तोंड धुतलं. टेबलावरचं वरचं भांडं उचलून उलटं केलं. पट्टीवर डॉयलच्या बायकोचं नाव होतं. कडेला काहीतरी चार महिन्यांचं वाळून घट्ट बसलेलं होतं.

त्याने नळ सुरू केला, गरम पाणी यायची वाट बघितली आणि भांडं घासायला घेतलं.

"कोण आहे घरात?" डॉयल दारातून ओरडला.

"ये आत," ऑरिन म्हणाला. "आणि स्कंक होता. तिथेच उभा राहून आधी तेवढं कबूल कर."